सोलापुरात फर्नची रोपं वाढवायची तर आधी हवा सांभाळा

ताई, तुमचा प्रश्न मी समजले तो असा. जुळे सोलापुरात घर आहे, बोस्टन फर्नची एक भरलेली कुंडी आहे. तिची पानं कापून महिनाभर पाण्याच्या बाटलीत ठेवली, पण एकही मूळ फुटलं नाही. पानांच्या मागे तपकिरी ठिपके आलेत. शेजारच्या काकू त्याला कीड म्हणतात, रोपवाला म्हणतो बी आहे. गौरी-गणपतीपर्यंत एकीच्या चार-पाच कुंड्या करायच्या आहेत आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, सोलापूरच्या उन्हात या झाडाच्या नादी लागू नको.

माझी इथे बरीच वर्षं छोटी रोपवाटिका आहे आणि फर्न हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या अडचणी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. पहिली, रोप कोणत्या भागातून तयार होतं ते माहीत नसणं. ती आज सुटेल. दुसरी आपल्या हवेची आहे आणि खरा कस तिथेच लागतो. फर्न वेगळा करणं हे अर्ध्या तासाचं काम. वेगळं केलेलं रोप पुढचे तीन आठवडे जगवायचं, त्यातच सगळं यश-अपयश ठरतं.

आधी पानाचं बघू. जास्वंदीची किंवा गुलाबाची फांदी लावली की फुटते, कारण तिच्यावर डोळे असतात. फर्नचं पान कितीही मोठं आणि देखणं असलं तरी ते नुसतं पानच असतं, त्याच्यावर डोळा नसतो. वाढीचा कोंब असतो तो तळाशी, मातीलगतच्या खोडात. बाटलीतलं पान तीन-चार आठवडे हिरवं राहतं ते पाणी पीत असतं म्हणून. त्यामुळे आशा वाटते, पण त्यातून मूळ येणार नाही. ती पानं आता काढून टाका. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, त्या पानात ती सोयच नाही.

मग बोस्टन फर्न वाढतो कसा? कुंडीपाशी बसा आणि पानं हाताने बाजूला करून तळाशी बघा. पानांच्या मधून सुतळीपेक्षा बारीक, हिरवट-तपकिरी, लवदार दोरे बाहेर आलेले दिसतील. त्यांना पानं नसतात. बरेच लोक ती वाळकी मुळं समजून कात्रीने साफ करतात. ते दोरे म्हणजे धावती खोडं, आणि तुमच्या चार-पाच कुंड्या त्यांच्यातच आहेत. असा दोरा ओल्या मातीला टेकला की टेकल्या जागी मुळं धरतो आणि वर बारीक गुंडाळलेला कोंब काढतो. टांगलेल्या कुंडीत तो हवेत लोंबकळत वाळून जातो, म्हणून तिथे रोप होत नाही. कुंडी खाली उतरवून चारी बाजूंना कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेले छोटे डबे ठेवा. एकेक दोरा एकेका डब्यावर आणून केसाच्या आकड्याने हलकेच दाबून ठेवा. पुरायचा नाही, टेकवायचा. आईशी जोडलेला असल्यामुळे त्याला अन्नपाणी तिकडून मिळत राहतं, म्हणून आपल्यासारख्या कोरड्या गावात ही पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते. नव्या रोपाला स्वतःची तीन-चार पानं आली आणि हलकं ओढल्यावर ते जागचं हललं नाही, की दोरा कापायचा. त्याआधी घाई नको.

आता ते ठिपके. भिंग असेल तर घ्या, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून बघा. ठिपके प्रत्येक पर्णिकेच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, रांगेत बसलेले असतील तर ते बीजाणूंचे, म्हणजे फर्न ज्यांच्यातून उगवतो त्या धुळीसारख्या बारीक कणांचे, पुंजके आहेत. रोपवाल्याचं म्हणणं जवळपास बरोबर आहे. ठिपके कसेही विखुरलेले असतील, देठावरही असतील, नखाने उचकटल्यावर खपलीसारखे निघत असतील आणि पान चिकट लागत असेल, तर काकू बरोबर आहेत, ती खवले कीड. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. कीड असेल तर ते पान कापून टाका किंवा ओल्या फडक्याने पुसून काढा. फर्नची पानं नाजूक असतात, गुलाबावर मारतो त्या प्रमाणात औषध किंवा कडुनिंबाचं तेल मारलं तर करपतात. आणि ठिपके बीजाणूंचे असले तरी बोस्टन फर्नच्या बाबतीत त्यांच्या मागे लागू नका. ही जात १८९४ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या रोपांमध्ये वेगळी म्हणून ओळखली गेली आणि तेव्हापासून ती धावत्या खोडांपासून, फुटव्यांपासून आणि आता उती संवर्धनाने, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत, वाढवली जाते. तिचे बीजाणू बहुतेक वेळा उगवतच नाहीत.

धावत्या खोडांशिवाय दुसरा मार्ग म्हणजे गड्डा फोडणं, म्हणजे झाडाचे मुळांसकट भाग करणं. तुमची कुंडी गच्च भरलेली आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तेही करता येईल. पण केव्हा, याचं उत्तर सोलापुरात वेगळं आहे. इंटरनेटवर सगळीकडे सल्ला असतो, पावसाळा लागला की करा. तो कोकणात, महाबळेश्वरात किंवा पुण्यात चालतो. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्याकडे त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही. शिवाय आपल्याकडचा जून-जुलै म्हणजे पावसापेक्षा वारा जास्त. आभाळ भरून येतं, पश्चिमेचा वारा सुटतो, चार थेंब पडतात आणि ढग पुढे जातात. तो वारा ताज्या फोडलेल्या गड्ड्याची पानं उन्हापेक्षाही लवकर सुकवतो. आपला खरा पाऊस सप्टेंबरचा, पूर्वा-उत्तरा नक्षत्रांचा. म्हणून मी गड्डा फोडायला पोळ्यापासून नवरात्रापर्यंतचे दिवस धरते. वारा पडलेला असतो, हवेत ओल असते आणि हिवाळ्यापूर्वी रोपाला बसायला वेळ मिळतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, त्या थंडीत वाढ थबकते, तेव्हा फोडाफोड नको. फेब्रुवारीत एक छोटी संधी असते, पण तेव्हा केलेली रोपं मार्चच्या उन्हात कोवळीच सापडतात. मार्च ते मे मात्र कुंडीला हातही लावू नका.

म्हणजे गौरीपर्यंत चार-पाच कुंड्या होणं अवघड. धावती खोडं आत्ता टेकवलीत तर तोवर दोन-तीन लहान रोपं हाताशी येतील. गौरीनंतर गड्डा फोडलात तर दिवाळीला बाकीच्या कुंड्या बघण्यासारख्या होतील. तुमची आईकुंडी किती जोमात आहे आणि घरात सावली कशी आहे, त्यावर पुढे-मागे होईल.

फोडायची रीत सांगते. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या. सकाळी कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा. बाहेरून मुळांचं जाळं दिसेल, पण ती सोडवत बसू नका, बारीक मुळं तुटतात आणि पाणी पिण्याचं काम तीच करतात. धारदार, पुसून घेतलेल्या सुरीने वरून खाली सरळ काप द्या. लोक इथे एक गोष्ट विसरतात. प्रत्येक तुकड्यात मुळं तर हवीतच, पण वर किमान तीन-चार गुंडाळलेले कोवळे कोंबही हवेत. नुसती जुनी पानं असलेला तुकडा महिनाभर तसाच उभा राहतो आणि मग जातो. मोठ्या कुंडीचे तीन-चारच भाग करा. आठ केलेत तर आठही अशक्त होतील. नंतर प्रत्येक भागाची बाहेरची जुनी, लांब पानं तळापासून कापून साधारण निम्मी कमी करा. दमट हवेच्या गावात याची गरज पडत नाही, इथे पडते, कारण कापलेली मुळं एवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. मोह होतो, पानं छान असतात, पण कापाच. लावताना कोंब मातीच्या वर राहतील असं बघा, कोंब पुरला की कुजतो.

मातीत शेतातली काळी माती बिलकुल नको. ती पाणी धरून चिखल होते, सुकली की भेगा पडून मुळं तोडते आणि क्षारधर्मीही असते. मी दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेला कुजका पालापाचोळा, एक भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर गांडूळखत घेते. कोकोपीट दोन-तीन पाण्यातून पिळून घ्याच, त्यात मीठ असतं. कुंडी सोलापुरापुरती तरी प्लॅस्टिकची बरी. मातीची कुंडी दिसायला सुंदर, पण आपल्या हवेत ती बाजूंनी पाणी उडवते. मातीचीच हवी असेल तर आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हवा. फर्न पाण्यावाचून मरतो असं म्हणतात, पण माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बहुतेक कुंड्यांची माती ओली चिंब असते आणि पानांची टोकं करपलेली असतात. कारण कोरडी हवा पानातून जितकं पाणी ओढते तितकं मुळं वर पाठवू शकत नाहीत. माणसं ते सुकलेपण बघून आणखी पाणी घालतात, मुळं कुजतात आणि मग झाड खरंच जातं. म्हणून नव्या रोपाला पहिले तीन आठवडे बंद हवेत ठेवायचं. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास एका बंद बाटलीत पतंगाचा कोष ठेवला होता. त्या बाटलीतल्या ओल्या मातीत आपोआप एक फर्न उगवला आणि वर्षानुवर्षं तगला. त्यांच्या बागेत मात्र शहराच्या धुरकट हवेत फर्न टिकत नव्हते. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या आणि पुढे जहाजावरून देशोदेशी रोपं त्यातून नेली गेली. धूर असो की कोरडेपणा, बाहेरची हवा वैरी असेल तर झाडाला त्याची स्वतःची हवा द्यायची, एवढंच त्यामागचं तत्त्व.

तुम्हाला काचेची पेटी नको. पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा डबा, किंवा पिण्याच्या पाण्याच्या जुन्या जारचा तळ कापून केलेलं झाकण पुरतं. काहीच नसेल तर चार काड्या खोचून त्यावर पारदर्शक पिशवी. आत रोपाला पाणी देऊन झाकलं की झाकणाच्या आतून बारीक दव धरतं. सकाळी दव असेल आणि दुपारी निम्मं उतरलेलं असेल तर सगळं ठीक आहे. थेंब ओघळत असतील तर ओल जास्त झाली, तासभर उघडून ठेवा. झाकण कोरडं असेल तर पाणी कमी आहे. ऊन मात्र थेट लागता कामा नये, झाकलेल्या डब्यात अर्ध्या तासाचं ऊनही पानं शिजवतं. उत्तरेची खिडकी, जिन्याखालची उजेडाची जागा किंवा मोरीजवळचा सावलीचा कोपरा चांगला. तीन आठवड्यांनी नवा कोंब उलगडायला लागला की झाकण एकदम काढू नका. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असं वाढवत दहा-बारा दिवसांत पूर्ण काढा. ज्यांची रोपं डब्यात छान होती आणि बाहेर काढल्यावर गेली, त्यांनी बहुतेक हीच पायरी गाळलेली असते.

पाण्याबद्दल. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, मधल्या दिवसांत बोअरचं पाणी वापरलं जातं आणि ते जड असतं. बादलीला, नळाला पांढरा थर बसतो तोच कुंडीतही बसतो. बोस्टन फर्नला किंचित आम्ल माती मानवते, त्यामुळे हे पाणी सतत दिलं तर नवी पानं पिवळट येतात. पावसाचं पाणी पिंपात साठवता आलं तर उत्तम. घरात एसी असेल तर त्याच्या नळीतून गळणारं पाणी स्वच्छ बादलीत धरा. ते हवेतल्याच वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि उन्हाळ्यात नेमकं गरज असते तेव्हाच मिळतं. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र फर्नला देऊ नका, वेगळे केलेले सगळे क्षार त्यातच असतात. दुसरं काहीच नसेल तर नळाचं पाणी द्या आणि महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्या, साठलेला थर धुऊन जातो.

बीजाणूंपासून रोपं करायची हौस असेल तर हंसराज घ्या, काळ्या चकचकीत देठांचा, नाजूक पानांचा. हे काम संथ आहे, पण मला यात जितका आनंद मिळतो तितका बागेतल्या दुसऱ्या कशात नाही. हंसराजाच्या पानाची कड खालच्या बाजूला दुमडलेली असते आणि बीजाणू त्या दुमडीखाली असतात. ती पट्टी हिरवट-पांढरी असेपर्यंत थांबा, तपकिरी झाली की पान कापून कागदी पाकिटात ठेवा. एक-दोन दिवसांत पाकिटाच्या तळाशी तपकिरी भुकटी पडलेली दिसेल. कागद तिरपा करून हलकी टिचकी मारली की जड कचरा आधी घसरतो आणि कागदाला चिकटून राहते ती खरी बारीक धूळ.

एका झाकणाच्या डब्यात दोन बोटं कोकोपीट घ्या, त्यावर उकळतं पाणी ओता आणि झाकून थंड होऊ द्या. हे टाळलं तर बुरशी आणि शेवाळ बीजाणूंच्या आधी जागा धरतात. मग पंखा बंद करून ती धूळ वरून विरळ भुरभुरवा. मातीने झाकायची नाही, बीजाणूंना उजेड लागतो. डबा बंद करून सावलीच्या उजेडात ठेवा. दोन ते सहा आठवड्यांत हिरवी साय धरल्यासारखं दिसेल. ती वाढत जाऊन नखापेक्षाही लहान, पातळ, हृदयाच्या आकाराच्या पापुद्र्या होतात. त्या अजून फर्न नाहीत, शेवाळ समजून खरवडू नका. याच पापुद्र्यांच्या खालच्या बाजूला नर आणि मादी पेशी तयार होतात, आणि नर पेशीला मादीपर्यंत अक्षरशः पोहत जावं लागतं. पाण्याचा थर नसेल तर मीलन नाही आणि रोपही नाही. म्हणून पापुद्र्या दिसू लागल्या की आठवड्यातून एक-दोनदा उकळून गार केलेल्या पाण्याचा अगदी बारीक फवारा द्या. त्यानंतर एके दिवशी पापुद्र्याच्या खाचेतून केसाएवढ्या देठावर पहिलं पान उभं राहिलेलं दिसतं. पेरणीपासून इथवर यायला तीन ते सहा महिने, आणि कुंडीत शोभेल असं रोप व्हायला वर्ष किंवा जास्त. त्यासाठी २० ते २७ अंश तापमान चांगलं, म्हणून आपल्याकडे पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी, पापुद्र्या उन्हाळ्याआधी तयार होतात.

तुमच्याकडे दुसऱ्याही जाती असतील तर त्यांचं थोडक्यात. बर्ड्स नेस्ट फर्न फोडू नका, त्याचा एकच मध्यकोंब असतो, तो कापला की संपलं. सांबरशिंगासारखा फर्न बाजूला पिल्लं काढतो, पिल्लाला स्वतःची मुळं आणि तळाची ढाल (ढालीसारखं पान) आली की ते ढालीसकट काढता येतं. फुलवाले गुच्छात घालतात तो अ‍ॅस्परॅगस मुळात फर्नच नाही. त्याला फुलं आणि फळं येतात, तो बियांपासून किंवा गड्डा फोडून वाढतो आणि आपल्या हवेत बोस्टनपेक्षा खूपच काटक आहे.

घरातल्या मोठ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो तेव्हा गच्चीवर बोस्टन फर्न टिकणार नाही. पण कोरड्या मुलखाचेही फर्न असतात. जुन्या विहिरींच्या ओलसर दगडांत हंसराज दिसतो. त्याची एक जात तर चुन्याच्या ओलीवर चांगली वाढते, म्हणजे जड पाण्याची तिला अडचण नाही. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींच्या सांध्यांत लांब पट्ट्यांसारख्या पानांचा टेरिस नावाचा फर्न वाढतो, त्यालाही चुना आवडतो. आणि मोरशिखा, मोराच्या तुऱ्यासारखी छोटी पानं असलेली. उन्हाळ्यात ती मिटून तपकिरी होते, मेली असं वाटतं, आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते. असं झाड भिंतीत दिसलं तर उपटू नका. मुळं दगडात अडकलेली असतात, तुटतात आणि झाड फुकट जातं. पिकलेलं एक पान पाकिटात घेऊन या आणि वर सांगितलं तसं पेरा.

बोस्टनच्या नव्या कुंड्या उन्हाळ्यात घराच्या आतच ठेवा, कूलर असलेल्या खोलीत पण थेट झोतासमोर नाही. पहिले दोन महिने खत नको. नंतर द्रवरूप खत पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं, महिन्यातून एकदा, तेही जून ते ऑक्टोबरच. आज संध्याकाळी कुंडी खाली उतरवून ते लवदार दोरे किती आहेत ते बघा आणि तळाचा एक फोटो टाका. दोरे आधीच कात्रीने कापले गेले असतील तर नवे यायला थोडा वेळ लागेल, मग गड्डा फोडण्याचाच मार्ग धरू.